समक्ष पाहिले



ग्वाल्हेरच्या आठवणी लिहायच्या म्हटलं की आपण वाडा, गणपती, महाराज बाड्यावरची संध्याकाळ यांवर येतो. मीही लिहीन कधीतरी. आज लिहितोय ते स्कॉटलंडमधलं आहे, पण त्याचं दुसरं टोक मुरैन्याच्या एका गोदामात आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर लष्करातलं. आजोबा संस्थानच्या शिकारखात्यात होते. शिवपुरीच्या रानात मचाण बांधायचं, हाका लावायचा, पाहुण्यांची सोय बघायची, हे त्यांचं काम. १९११ साली पंचम जॉर्ज येणार म्हणून तिथे जॉर्ज कॅसल बांधलं, ते आज माधव राष्ट्रीय उद्यानात आहे. आपल्यापैकी बरेच जण सहलीला जाऊन आले असतील. वडिलांकडे एकनळी बारा बोअरची बंदूक होती. त्यांचा एकच नियम मला आठवतो : जनावर जखमी झालं तर रात्र झाली तरी मागं सोडायचं नाही. एकदा एका चितळामागे गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आई दारातच उभी होती. काही बोलली नाही, पाणी दिलं.

१९७२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर चंबळच्या बागींनी बंदुका ठेवल्या, आणि सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा आला. वडील म्हणाले, "चला, बागीही सुटले, हरणंही सुटली." बंदूक त्यांनी दुकानात विकली. मी तेव्हा बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षा देत होतो. बंदुकीला मी कधी हात लावला नाही, आणि नंतर चाळीस वर्षं लेजरशिवाय कशाला लावला नाही.

आमची धाकटी स्कॉटलंडला डॉक्टर आहे. तिने तिकडचाच नवरा केला. पर्थशायरच्या एका खेड्यात राहतात. जावई जंगलात नोकरीला. काय काम, तर हरणं मारायचं. लग्न ठरलं तेव्हा मी हिला म्हटलं, आजोबांनी बघितलं असतं तर मिशीला पीळ दिला असता.

आपल्याकडे हे ऐकून लोक दचकतात, म्हणून सांगतो. तिकडे लांडगे अठराव्या शतकापर्यंतच संपले. हरणांना खाणारं मोठं जनावर रानात कुणी राहिलं नाही. पूर्ण स्कॉटलंडात दहा लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज सांगतात. ती नवीन लावलेली रोपं खाऊन टाकतात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात, कडक थंडीत उपाशीही मरतात. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येने मारावीच लागतात. मांस दुकानात विकलं जातं. हिने लष्करातून नेलेला काळा मसाला घालून हरणाचं मटण केलं, तेव्हा मी म्हटलं, "हे घरी शिजवलं असतंस तर आपण दोघं तुरुंगात असतो."

२०१९ मध्ये जुलैपासून डिसेंबरपर्यंत आम्ही तिकडे होतो. जावयाला अहो-जाहो करायची आपली रीत. इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे ती अडचण आपोआप सुटली. तो मला 'बाबा' म्हणतो, उच्चार मात्र 'बाब्बा'.

त्या उन्हाळ्यात तो एक नवीन जबाबदारी घेत होता. तिकडे हरणाच्या शिकारीचे दोन दाखले आहेत, लेव्हल वन आणि लेव्हल टू. कायद्याने सक्ती नाही, पण कामाला ठेवणारे विचारतात. लेव्हल वनला लेखी परीक्षा, हरणांच्या जाती ओळखणं, सुरक्षेची परीक्षा, नेमबाजी. जाती सहा, त्यांतल्या रेड आणि रो या दोनच मूळच्या तिथल्या. लेव्हल टू वर्गात बसून मिळत नाही. उमेदवाराने खऱ्या रानात तीन वेळा शिकार करायची, आणि प्रत्येक वेळी मान्यताप्राप्त साक्षीदाराने सोबत राहून सगळं बघायचं. वाऱ्याच्या कुठल्या बाजूने गेला, गोळीमागे मातीचा भक्कम उतार होता का, पडलेल्या जनावराजवळ कसा गेला, पोट फाडून आतडी कशी काढली. याला ते ग्रॅलॉक म्हणतात, शब्द मूळ गेलिक. त्यात फुप्फुस, यकृत, आतल्या गाठी तपासून क्षयासारख्या रोगाची खूण नाही ना हेही बघायचं, कारण ते मांस लोकांच्या ताटात जाणार असतं. साक्षीदार हे सगळं लिहून सही करतो. ते कागद पुढे दुसरा माणूस तपासतो, त्याच्यावर आणखी एक. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या बँकेसारखंच. एकाने व्हाउचर करायचं, दुसऱ्याने पास करायचं, तिसऱ्याने ऑडिट.

साक्षीदार व्हायला आधी स्वतःकडे लेव्हल टू लागतं, मग अनुभव आणि प्रशिक्षण. जावयाला शिकार येत होती. अडचण वेगळीच होती : त्याला गप्प बसता येत नव्हतं. शिकवायची सवय. साक्षीदाराने शिकवायचं नसतं.

म्हणून त्याने सरावासाठी मला उमेदवार केलं. पहाटे साडेचारला उठवलं. हातात रायफलऐवजी काठी. धुकं, पायाखाली चिखल, आणि तिकडचे ते मिज नावाचे बारीक डास, कानात शिरतात. (आपल्याकडचे डास निदान गुणगुणून सूचना देतात.) तासाभराने टेकाडाच्या माथ्यावर एक रो जातीचं हरीण दिसलं. मी वडिलांनी सांगितलेलं सगळं आठवून वाकून, वारा तोंडावर घेत पुढे गेलो, काठी खांद्याला लावली आणि म्हटलं, "ठो!" हरीण पळालं. जावयाने वहीत काहीतरी लिहिलं.

गाडीत बसल्यावर सांगितलं, "नापास."

हरणामागे आकाश होतं. गोळी चुकली असती किंवा आरपार गेली असती, तर टेकडीपलीकडे कुठे गेली असती कोण जाणे.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मला माहीत आहे एवढंच कळलं असतं, बाबा. तुम्हाला माहीत आहे का, ते कळलं नसतं. खरी रायफल असती तर हात धरला असता, आणि परीक्षा तिथेच संपली असती."

सासऱ्याला नापास करणारा जावई म्हणून हिने दोन दिवस त्याची चेष्टा केली.

मग त्याने माझ्यावरचा अहवाल दाखवला. 'उमेदवाराने समाधानकारक रीतीने जनावर गाठले' वगैरे. माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी म्हटलं, हे असलं आमचे इन्स्पेक्टर लिहायचे. समाधानकारक म्हणजे काय? वारा कुठून होता? तू कुठे बसला होतास? तिथून तुला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं? हरीण किती पावलांवर होतं? त्याने कागद फाडला आणि पुन्हा लिहायला बसला. चार-पाच दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर आमची ही शाळा चालली. मी लाल पेनाने खुणा करायचो. मला, खरं सांगतो, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कामावर गेल्यासारखं वाटत होतं.

ऑगस्टअखेर तो साक्षीदार झाला. पहिला उमेदवार शेजारच्या फार्मवरचा मुलगा, पंचविशीचा. वडील नाहीत. जंगलातलं कंत्राटी काम मिळायचं होतं आणि त्यासाठी लेव्हल टू हवं होतं. दोन शिकारी छान झाल्या. ऑक्टोबरच्या मध्यात तिसरी. रो जातीच्या नरांचा हंगाम तेव्हा २० तारखेला संपायचा, म्हणून दोघांना घाई होती.

त्या संध्याकाळी जावई उशिरा आला, बूट न काढताच खुर्चीत बसला. मुलाने शिकार उत्तम केली होती, एका गोळीत. मग पाऊस वाढला, अंधार पडायला आला, म्हणून जावई गाडी जवळ आणायला गेला. परत येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. मुलाने तेवढ्यात ग्रॅलॉक करून टाकलं होतं. स्वच्छ, नीट. फुप्फुस, यकृत मांडून ठेवलेलं. गाठी तपासल्या म्हणाला. जावयाने स्वतः बघितलं, रोगाची खूण कुठेच नव्हती.

"मग?" मुलीने विचारलं.

"मी पाहिलं नाही ना त्याला करताना."

मुलगा म्हणाला होता, मला येतं हे तुला माहीत आहे, दोनदा पाहिलंयस. तेही खरंच. जावयाने शिकार आणि गोळीपर्यंतचं सगळं लिहिलं, पुढच्या भागासमोर 'पाहिले नाही' लिहिलं. मुलगा न बोलता निघून गेला. रात्री त्याच्या आईचा मुलीला फोन आला. काय बोलणं झालं ते मुलीने सांगितलं नाही, पण डोळे पुसताना मी पाहिलं.

जेवताना मुलगी म्हणाली, "एवढं काय ताणायचं? सगळं बरोबरच तर होतं." ही पण म्हणाली, गरिबाचं पोर आहे. जावई माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, लाल पेनवाले बाबा आपली बाजू घेतील.

तेव्हा मी ते सांगितलं, जे हिलाही अडतीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

१९८१ चा मे महिना. मी मुरैन्याला एका बँकेत फील्ड ऑफिसर होतो. एका व्यापाऱ्याला मोहरीवर मालतारण कर्ज दिलं होतं. माल गोदामात, कुलूप बँकेचं, चौकीदार बँकेने ठेवलेला. महिन्यातून एकदा जाऊन पोती मोजायची. त्या दिवशी बहिणीचा साखरपुडा होता, दुपारची गाडी पकडायची होती. पत्र्याखाली भट्टी तापलेली. थप्पी छतापर्यंत गेलेली. मी बाहेरून लांबीची पोती मोजली, रुंदीची मोजली, उंचीची मोजली, गुणाकार केला. चौकीदार म्हणाला, "साब, सीढ़ी लगा दूँ? ऊपर से देख लो." मी म्हटलं, रहने दो. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'समक्ष मोजणी केली, माल बरोबर', आणि सही.

दोन महिन्यांनी ऑडिटवाला वर चढला. थप्पी आतून पोकळ होती. चार बाजूंना पोती, मध्ये विहिरीसारखा खड्डा.

माझ्यासारख्या बाकीच्यांना वाटलं ते मलाही वाटलं, की व्यापाऱ्याने चौकीदाराला हाताशी धरून रात्री माल काढला. तसं झालंही असेल. पण चौकशीत मला विचारलं, तपासणीच्या वेळी चौकीदाराने काही अडथळा केला का, काही सांगितलं का? मी म्हटलं, नाही. अडथळा केला नव्हता, हे खरंच. शिडीचं मी बोललो नाही. बोललो असतो तर माझी सही खोटी ठरली असती. चोरीत सामील असलेला माणूस साहेबाला वर चढून बघा म्हणेल का, एवढाच मुद्दा त्याच्या बाजूने होता, आणि तो फक्त माझ्यापाशी होता. त्याची नोकरी गेली, पोलीस केस झाली. मला ताकीदपत्र मिळालं. दोन वर्षांनी बढती.

टेबलावर कोणी काही बोललं नाही. ही उठून ताटं गोळा करायला लागली. जावयाने बऱ्याच वेळाने विचारलं, "तो माणूस होता का सामील?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बघायचं काम माझं होतं."

त्या मुलाची तिसरी शिकार नोव्हेंबरात झाली. माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबरला सुरू झाला होता. कंत्राट मात्र पहिल्या फेरीत हुकलं होतं, ते वसंतात मिळालं. जावयाशी तो बरेच दिवस तुटकच वागला. डिसेंबरात आम्ही निघालो त्या दिवशी सामान गाडीत ठेवायला मात्र आला, आणि हिच्या हातात मांसाचं एक पाकीट ठेवलं. विमानात नेता येत नाही हे त्याला कोण सांगणार. मुलीच्या फ्रीजमध्ये ठेवलं.

जावयाने नोव्हेंबरचा अहवाल पाठवायच्या आधी मला वाचायला दिला होता. दीड पान. वारा, अंतर, उजेड, स्वतः कुठे गुडघे टेकून बसला होता ते. एका ओळीत लिहिलं होतं : 'यकृत तपासताना उमेदवाराची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मी जागा बदलली.' मी लाल पेन उघडलंच नाही.

परत आल्यावर, २०२० च्या जानेवारीत, हिला 'गजक आणतो' सांगून मी मुरैन्याला गेलो. गोदामाच्या जागी मॅरेज गार्डन झालंय. समोरच्या पानवाल्याला विचारलं, मग त्याच्या वडिलांना. म्हातारबाबा म्हणाले, हो, होता एक चौकीदार, केसनंतर भिंडकडे गेला बालबच्चे घेऊन. नाम क्या था साब उसका? मी आठवायला लागलो. पहिलं नाव आठवत होतं, तसल्या नावाचे तिथे पन्नास असतील. आडनाव आठवेना, गाव आठवेना. आमच्या रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे नुसतं 'चौकीदार' लिहिलेलं असायचं.

थोडा वेळ तिथेच बाकावर बसलो. मग दोन किलो गजक घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.