परवानगी नाही: एका त्रुटिसंदेशाचे वाचन

साहित्यशास्त्राच्या वर्गात लक्षणा शिकवताना एक जुने उदाहरण हमखास येते: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. प्रवाहावर वस्ती वसत नसते, म्हणून मुख्यार्थाला बाध येतो आणि वाचक 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो. मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन, अशा लक्षणेच्या तीन अटी मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सांगितल्या आहेत. संगणकाच्या पडद्यावर उमटणारा त्रुटिसंदेश हाही एक मजकूरच आहे आणि तो केवळ अभिधेने वाचला तर फसवतो, हे मात्र आम्हांला साहित्यशास्त्राने नव्हे, एका नेटवर्क ड्राइव्हने शिकवले.

आम्ही काही अध्यापक मिळून जुन्या मराठी नियतकालिकांची लेखनिहाय सूची करीत असतो. पाने स्कॅन करायची, त्यांतून मजकूर काढायचा, लेखक व शीर्षके वेगळी करायची, असे हे काम. विद्यार्थी त्यासाठी पायथन या भाषेतील काही तयार पॅकेजेस वापरतात. ज्यांच्यापाशी स्वतःचा लॅपटॉप होता त्यांनी पॅकेजेस घरीच इन्स्टॉल केली. काही अडले नाही. उरलेल्यांचा आधार होता तो महाविद्यालयाची प्रयोगशाळा. तेथील यंत्रांची डिस्क दर वेळी यंत्र सुरू होताना मूळ स्थितीत आणली जाते, त्यामुळे विद्यार्थ्याचे काम टिकते ते केवळ सर्व्हरवरच्या त्याच्या फोल्डरात, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या ड्राइव्हवर. आणि तेथे प्रत्येकाला एकच उत्तर मिळत होते: 'परमिशन डिनाइड', परवानगी नाही.

एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, "सर, ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनाच हे जमतं का?" प्रश्नात तक्रार नव्हती, तिने मजकूर वाचला होता आणि त्याचा सरळ अर्थ लावला होता. जिच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच, तिला 'परवानगी नाही' या दोन शब्दांचा परिचय संगणकापूर्वीपासूनचा असतो. शिवाय समोरचा पुरावाही तिच्याच वाचनाच्या बाजूने होता. लॅपटॉपवाले पुढे गेले होते, प्रयोगशाळेतले अडले होते, आणि वर्गात हा फरक हळूहळू हुशारीचा फरक म्हणून गणला जाऊ लागला होता.

म्हणून संदेशाचे वाचन नीट करणे भाग पडले. पहिली कसोटी अगदी साधी होती: आज्ञा तीच ठेवायची, जागा बदलायची. यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर तात्पुरते फोल्डर करून तेथे तीच पॅकेजेस इन्स्टॉल केली, तर विनातक्रार झाली. विद्यार्थिनी तीच, यंत्र तेच, आज्ञा तीच. बदलली होती ती केवळ जागा. दोष माणसात नाही, स्थळात आहे, एवढे पाच मिनिटांत सिद्ध झाले. आमच्या मते सारी कहाणी येथे संपली असती तरी तिचा उपयोग झालाच असता.

दुसरी कसोटी मुख्यार्थाची. फाइलीच्या परवानग्या पाहिल्या तर मालकीण तीच विद्यार्थिनी, आणि वाचणे, लिहिणे व चालवणे हे तिन्ही हक्क तिच्या नावे. म्हणजे संदेश म्हणतो परवानगी नाही, आणि दप्तर म्हणते आहे. हाच मुख्यार्थाचा बाध. मग जोडलेल्या ड्राइव्हांची यादी पाहिली, तेव्हा त्या ड्राइव्हच्या ओळीत 'नोएक्झेक' हा शब्द आढळला. या ड्राइव्हवर काहीही ठेवा, पण येथून कोणताही प्रोग्राम चालवू नका, असा त्याचा अर्थ. सुरक्षिततेसाठी अशी अट घालणे रास्तच आहे. मात्र ती जोडणीला लागू होते, फाइलीला नाही, त्यामुळे फाइलीच्या दप्तरात तिची नोंद सापडत नाही. नकार घराला होता. तो वाचला गेला घरात राहणाऱ्या व्यक्तीला.

पायथनलाच पुढे करून 'पिप' चालवले तर इन्स्टॉलेशन पार पडते, कारण चालणारा पायथन यंत्राच्या डिस्कवरचा असतो आणि ड्राइव्हवरची फाइल तो नुसती वाचतो. पण 'एलएक्सएमएल'सारखे, सी भाषेतून संकलित झालेले भाग असलेले पॅकेज वापरू जाताच पुन्हा अडते. तो भाग स्मृतीत 'चालवण्यायोग्य' म्हणून घ्यावा लागतो आणि तेथे तीच अट आडवी येते. अर्धे चालणे हे न चालण्यापेक्षा अधिक फसवे असते, हे अर्धवट समजलेल्या कवितेवरून आपण जाणतोच.

प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाने सर्वाधिकारी 'रूट' होऊनही प्रयत्न केला, तो तर आणखी लवकर फसला. एनएफएस या पद्धतीत लिनक्सचा सर्व्हर मुळातच दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या 'रूट'ला सर्वाधिकारी मानत नाही. त्याला 'नोबडी', म्हणजे कोणीही नाही, या नावाने वागवतो. आपल्या गावचा पाटील परगावी पोहोचताच अनोळखी वाटसरू ठरावा, तसे हे. विंडोजमध्ये याचीच दुसरी तऱ्हा दिसते. जोडलेल्या ड्राइव्हचे अक्षर हे लॉगिनच्या सत्राशी बांधलेले असते. तोच वापरकर्ता प्रशासकाचे अधिकार घेऊन इन्स्टॉलर चालवू लागला की त्या वाढीव अधिकाराच्या सत्राला 'झेड' ड्राइव्ह एरवी दिसतच नाही. अधिकार वाढला आणि घर हरवले.

अशा अपयशांची जंत्री मोठी आहे. तिच्यातल्या आणखी तीन नोंदी देतो. विंडोजच्या वळणाच्या एसएमबी ड्राइव्हवर अनेकदा प्रतीकात्मक दुवे निर्माण करता येत नाहीत, आणि पायथनचे आभासी पर्यावरण 'लिब' फोल्डराकडे बोट दाखवणारा 'लिब६४' हा दुवा करू पाहताच कोसळते. एनएफएसवर उघडी असलेली फाइल पुसली तर ती तत्काळ नाहीशी होत नाही. टिंबाने सुरू होणारे विचित्र नाव धारण करून ती मागे उरते, आणि जुने पॅकेज काढताना 'फोल्डर रिकामे नाही' असे ऐकावे लागते. तिसरी नोंद खास मराठी आहे. 'वारकऱ्यांविषयी' या नावातील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि नुक्ता असा विग्रह करून. जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था विग्रह करूनच नाव साठवत असे. तिथून सर्व्हरवर आलेले फोल्डर डोळ्यांना दिसते, पण कळफलकावरून लिहिलेल्या त्याच नावाने सापडत नाही. पाठचिकित्सकाला पाठभेदाचे याहून सूक्ष्म उदाहरण मिळणे कठीण.

या साऱ्यांच्या मुळाशी काय आहे? सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस प्रथम सिद्ध केले, त्यामागील आकांक्षा अशी की दूरची फाइल जवळच्या फाइलीसारखीच वापरता यावी. प्रोग्रामला अंतर कळूच नये. आमच्या परिभाषेत बोलायचे तर हे रूपक आहे. उपमा 'सारखे' म्हणून भेद शिल्लक ठेवते. रूपक अभेद मानते. मुखचंद्र म्हटले की रसिक चंद्राचे डाग मुखावर शोधत नाही, कारण अभेद कोठवर ताणायचा हे त्याला ठाऊक असते. इन्स्टॉलर हा अरसिक वाचक आहे. तो रूपक शब्दशः घेतो: दुवे करतो, कुलपे लावतो, नावे बदलतो, एकाच क्षणी शेकडो लहान फाइली लिहितो आणि लगेच वाचू पाहतो. दूरची डिस्क यातील काही गोष्टी करते, काही उशिरा करते आणि काही करतच नाही.

गंमत अशी की ही टीका त्याच घरातूनही झाली. १९९४ साली जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सनच्याच प्रयोगशाळेतून 'अ नोट ऑन डिस्ट्रिब्यूटेड कम्प्युटिंग' हा निबंध प्रसिद्ध केला. जवळचे आणि दूरचे यांतील भेद झाकता येत नाही, झाकू नये, हा त्याचा सिद्धान्त. आणि उदाहरण म्हणून त्यांनी एनएफएसच घेतले. 'लाटेक'मुळे प्रबंध लिहिणाऱ्यांना परिचित असलेले लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तर १९८७ सालीच या आशयाचा विनोद केला होता की, जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हांला माहीत नाही, तो बिघडल्याने तुमचा संगणक निकामी होतो, तेव्हा तिला विकेंद्रित व्यवस्था म्हणावे.

तोडगा मग रूपकाची उपमा करण्याचा निघाला, म्हणजे भेद मान्य करण्याचा. नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायचे ते नुसते वाचायचे साहित्य: स्कॅन, मजकूर, लागणाऱ्या पॅकेजेसची नावे व आवृत्त्या लिहिलेली छोटी यादी, आणि एकदाच उतरवून ठेवलेल्या पॅकेजेसच्या फाइली. पायथनचे पर्यावरण मात्र दर वेळी यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर त्या यादीवरून नव्याने उभारायचे. इंटरनेटकडे न जाता सामायिक फोल्डरातूनच पॅकेजेस घ्यावीत, अशी सूचना पिपला देता येते. तास संपला, यंत्र बंद झाले की पर्यावरण विरते, यादी उरते. संहिता टिकवायची आणि प्रयोग दर वेळी नव्याने उभा करायचा, ही नाटकाची रीत येथेही कामी आली.

ती यादी आता त्या विद्यार्थिनीच्या हातची आहे. तिने वर्गासाठी एक पानभर टिपणही केले: अडले तर प्रथम जागा बदलून पाहा, मग जोडणीच्या अटी वाचा, आणि सर्वांत शेवटी स्वतःवर शंका घ्या. आम्ही तो क्रम बदलला नाही. संदेशातील 'तुला' हे सर्वनाम नेमके कोणाला उद्देशून आहे, हे शोधण्याआधीच ते स्वतःला लावून घेण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना फार लवकर लावली जाते. ती मोडणे हे साहित्याच्या अध्यापकाचे काम नव्हे, असे कोणी म्हणत असेल, तर वाचन म्हणजे काय हा प्रश्न त्यांनी पुन्हा एकदा विचारून पाहावा.