खाला आणि व्हर्च्यू

१९८३ साली मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय इंग्रजी. आमच्या खानदानात इंग्रजी घेऊन शिकणारा मी पहिलाच. त्यामुळे सुट्टीत गावी गेलो की मोहल्ल्यातले इंग्रजी कागद माझ्यासमोर येत. कुणाचा विमा, कुणाची पेन्शन. त्या दिवाळीच्या सुट्टीत खाला आपल्या नावाचा कागद घेऊन आली.

खाला म्हणजे आईची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली. तलाक दिला नव्हता आणि नांदवतही नव्हता. गावात ती सुईणपण करायची, काढे, चाटणं द्यायची. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागणार, अशी नोटीस तिनं नवऱ्याला धाडली होती. तिला नवऱ्याच्या वकिलाचं हे दोन पानी उत्तर. त्यात ‘व्हर्च्यू’ हा शब्द दोनदा होता. पहिल्या परिच्छेदात, ‘बाय व्हर्च्यू ऑफ निकाह’ ती माझ्या अशिलाची पत्नी झाली. शेवटच्या परिच्छेदात, ती ‘अ वुमन ऑफ ईझी व्हर्च्यू’ असल्यानं पोटगीला पात्र नाही.

पहिल्यात अडचण नव्हती. निकाहाच्या आधारे, निकाहामुळे. तिथं सद्गुणाचा काही संबंध नाही. सरकारी पत्रात ‘अन्वये’ असतं ना, तसं ते. दुसरा वाचला आणि माझे कान तापले. व्हर्च्यू म्हणजे सद्गुण, ईझी म्हणजे सोपा. पण दोन्ही एकत्र आले की अर्थ होतो बाजारबसवी. व्यभिचारात राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही, असं त्याच कलमात होतं. रात्रीअपरात्री कंदील घेऊन परक्या घरी बाळंतपणाला जाणारी बाई. वकिलाला तेवढं पुरलं होतं.

“क्या लिख्या है रे?” खालानं विचारलं.

तू साधी, गुणाची बाई आहेस असं लिहिलंय, मी सांगून टाकलं.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तो फिर नांदवता क्यों नहीं?”

पुढं तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. हा शब्द आला की माझी गाडी अडायची. त्याचं मूळ लॅटिन ‘विर’, म्हणजे पुरुष. आपल्या ‘वीर’चा तो सख्खा भाऊ. रोमनांचा ‘विर्तुस’ म्हणजे रणांगणावरची मर्दुमकी. असा हा मिशीवाला शब्द इंग्रजीत बाईपाशी आला की नुसता तिच्या पदराला बांधला जातो. बाईचा व्हर्च्यू म्हणजे तिचं शील, दुसरं काही नाही. १७४० साली सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ आली, तिचं उपशीर्षकच ‘व्हर्च्यू रिवॉर्डेड’. मोलकरीण पोर धन्यापासून अब्रू वाचवते आणि बक्षीस काय, तर तोच धनी नवरा म्हणून! ही गोष्ट सांगितली की वर्गात मुली हसायच्या. मुलं हसत नसत.

आणि ‘पेशन्स इज अ व्हर्च्यू’ ही म्हण तर पाठ्यपुस्तकात हटकून. खालाला सगळे नातलग हेच सांगत, सब्र कर. सब्र मोठी नेकी आहे, यात वाद नाही. पण तिच्या नवऱ्याला सब्र करायला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. नाइलाजालाच व्हर्च्यू करून घेणं, असाही एक वाक्प्रचार इंग्रजीत चॉसरच्या काळापासून आहे. तो खालाला जास्त लागू पडायचा. आता माझी नात ‘व्हर्च्यू सिग्नलिंग’ म्हणते, चांगुलपणाचा देखावा करणाऱ्याला उद्देशून. म्हणजे शब्दाची जवळजवळ शिवीच झाली.

पण एक अर्थ मला फार उशिरा भेटला. १६५२ साली निकोलस कल्पेपर या इंग्रज वैद्यानं झाडपाल्यावर पुस्तक लिहिलं. वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये असायचे, यानं सामान्य माणसासाठी इंग्रजीत लिहिलं. त्यात वनस्पतींचे ‘व्हर्च्यूज’ दिले आहेत. म्हणजे गुण. औषधाचा गुण आला, असं आपण म्हणतो, तोच हा गुण. १६११ च्या इंग्रजी बायबलात बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली एक बाई गर्दीतून हजरत ईसांच्या वस्त्राला हात लावते, आणि आपल्या अंगातून ‘व्हर्च्यू’ बाहेर पडल्याचं त्यांना जाणवतं. बरं करणारी शक्ती, असा तिथं अर्थ. पुढच्या भाषांतरांत तिथं ‘पॉवर’ आलं. हे वाचताना मला खालाचे हात दिसले, एरंडेलाचा वास येणारे. या अर्थानं मी तिला सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. पण १९८३ साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो.

माझ्या भाषांतराच्या भरवशावर ती कोर्टात गेली. तारखेला मी सोबत गेलो नाही. परीक्षेचं कारण पुढं केलं. तिथं नवऱ्याच्या वकिलानं तेच शब्द स्वच्छ मराठीत, भरल्या कोर्टात उच्चारले, हे मला आईकडून कळलं. पुरावा मात्र त्याला देता आला नाही. महिना शंभर रुपये मंजूर झाले. सात महिने आले, मग बंद पडले.

पुढच्या सुट्टीत मी खालाकडे गेलो. तिनं चहा ठेवला. नोटिशीचा विषय ना तिनं काढला, ना मी. चहा होतो न होतो तोच कुणाचं तरी बोलावणं आलं. कंदिलाची काच पुसत ती म्हणाली, “तेरी अंग्रेजी अभी कच्ची है रे,” आणि चपला घालून निघाली.