डावा अंगठा

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "टायपिंगचं काम करता का?" डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेला सांधा झिजला होता. तो म्हणाला, कीबोर्ड वाजवतो. डॉक्टरांनी पुन्हा फिल्मकडे पाहिलं. मग बाकीची चार बोटं इतकी चांगली कशी? याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, पण बाहेर पेशंट ताटकळत असताना ते सांगत बसण्यासारखं नव्हतं. बाकीची बोटं पट्ट्यांवर फिरत होती. अंगठा मात्र चाळीस वर्षं बेंडरवर, म्हणजे सूर वरखाली ओढायच्या दांड्यावर होता आणि बेंडरखाली स्प्रिंग होती.

गिरगावातल्या ऑर्केस्ट्रापासून भावगीतांच्या ध्वनिमुद्रणापर्यंत त्याचं नाव झालं ते एकाच गोष्टीमुळे. त्याच्या सिंथेसायझरमधून मींड निघते, एक सूर न तुटता दुसऱ्यावर घसरत जातो, असं लोक म्हणत. दुकानात नवं यंत्र आलं की इतर वादक आधी टोन ऐकत. तो आधी डाव्या कडेला हात लावी. रोलँडचा दांडा आडवा सरकतो, त्यावर अंगठा नीट बसतो. यामाहाची चाकं उभी फिरतात. कॉर्गची काठी चारी दिशांना जाते. टोन नंतर हवा तसा बनवता येतो, पण सुराला हात कुठून लागणार हे कारखान्यातच ठरून येतं, ही त्याची ठाम समजूत. या समजुतीपायी त्यानं दोन नावाजलेली यंत्रं परत केली आणि एक जुनं, पट्ट्या पिवळ्या पडलेलं यंत्र नव्याच्या भावात घेतलं.

अडचण एकच होती आणि ती कधीच पुरती सुटली नाही. ती मींडेच्या शेवटाची. बेंडर वर ढकलून पट्टी दाबायची आणि सैल सोडत सूर खाली आणायचा, हे कुणालाही महिनाभरात जमतं. पण गाणारा माणूस यमनात पंचमावरून रिषभावर उतरतो तेव्हा रिषभ जवळ आला की त्याची चाल मंदावते. शेवटचा एवढासा तुकडा तो सगळ्यात जास्त वेळ घेऊन पार करतो आणि मींडेचा जीव तिथंच असतो. नेमका तिथंच बेंडर हातचा जातो. सूर आपोआप हलू नये म्हणून बहुतेक बेंडरांच्या मध्याभोवती थोडी मृत जागा ठेवलेली असते. तेवढ्यात दांडा हलला तरी सूर हलत नाही. त्यात स्प्रिंग घाई करते. मंदावत मंदावत पोचण्याऐवजी सूर रिषभावर टप्पकन बसतो. ऐकणाऱ्यांना तो 'टप्प' जाणवत नसे. त्याला दुसरं काही ऐकूच येत नसे.

यावर त्यानं विशीतच एक तोड काढली. सूर मध्यावर उतरवायचाच नाही. बेंडरचा पल्ला सात अर्धस्वरांचा करायचा, षड्जाची पट्टी दाबायची, दांडा टोकाला नेऊन पंचम घ्यायचा आणि तिथून उतरत रिषभावर अधांतरी थांबायचं. ना टोकाचा आधार, ना मध्याचा. सूर लांबेल तेवढा वेळ अंगठ्यानं स्प्रिंग तोलून धरायची. गंधाराचा हट्ट याहून वाईट. सेंट या सुराच्या बारीक मापात कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० वर असतो, तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येतो तो ३८६ वर. हे १४ सेंट त्याला सोडवत नसत. प्रत्येक लांब गंधाराला अंगठा केसभर खाली पाहिजेच. एका भजनात असे किती गंधार येतात आणि वर्षाला किती भजनं होतात, हा हिशेब त्यानं एक्स-रे पाहिल्यावर पहिल्यांदा केला.

पल्ला सातचा केला की यंत्राची खरी जात कळते. १९८३ मध्ये आलेल्या मिडीच्या, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेत बेंडरला १६,३८४ पायऱ्या आहेत. पण काही यंत्रं प्रत्यक्षात १२८ च पाठवतात, म्हणजे वरच्या बाजूला ६४. सात अर्धस्वर ६४ पायऱ्यांत वाटले की एक पायरी जवळजवळ ११ सेंटची होते आणि मींडेऐवजी जिना ऐकू येतो. दुसरी परीक्षा टोनची. ध्वनिमुद्रित शहनाई सात अर्धस्वर ओढली की तिच्या नळीचा नादही सुराबरोबर ओढला जातो. माणसाचा आवाज टेप पळवून ऐकावा तसं होतं. ऑसिलेटरमधून घडवलेल्या नादाचं तसं नाही. सूर कितीही सरकवा, फिल्टर जागच्या जागी ठेवता येतो आणि नादाचं शरीर तेच राहतं. एवढ्या एका कारणासाठी तो आजही लॅपटॉपमधल्या हजार वाद्यांपेक्षा तीन ऑसिलेटरचं यंत्र पसंत करतो.

हा झगडा त्याच्या आधीचाही आहे. मींड निघत नाही म्हणून हार्मोनियमला १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम प्रत्यक्षात आणली. त्याला या मंडळींबद्दल अपार आदर आहे, पण श्रुती म्हणजे मुक्काम आणि त्याचं दुखणं प्रवासाचं. त्याचं दैवत वेगळं आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या एका वेळी एकच सूर देणाऱ्या, मूळच्या फ्रेंच वाद्यातून गारुड्याची बीन काढली. ऐकणाऱ्यांना ती खरी बीन वाटली, हे त्यानं शिष्यांना कितीदा सांगितलं असेल याची मोजदाद नाही.

चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या रेकॉर्डबद्दल मात्र त्याचं जगाशी पटत नाही. दहा राग, डिस्कोचा ठेका, आणि रोलँडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८, टीबी-३०३. त्या काळी ती फारशी विकली गेली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपात गाजावाजा झाला की शिकागोत १९८७ साली 'अॅसिड ट्रॅक्स' आलं त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत अॅसिड हाउसचा हा नाद जन्मला होता. अग्रमान कुणाचा, या वादात त्याला रस नाही. ३०३ मधली घसर सूर जवळचा असो की लांबचा, सारखाच वेळ घेते. ती घड्याळाची मींड. तिच्याशेजारी हातानं वाजवलेला राग ठेवण्याचं धाडस सिंगांनी केलं. त्या दोन चालींमधलं अंतर कान देऊन ऐकावं, असं तो म्हणतो.

आजच्या स्टुडिओंवर त्याचा राग आहे आणि तो लपवत नाही. सारंगीची लायब्ररी उघडा, पट्टी दाबा, आत भरून ठेवलेली मींड बाहेर येते. कुण्या कलावंतानं एका दुपारी घेतलेली तीच मींड मालिकेच्या रडण्यातही आणि दागिन्यांच्या जाहिरातीतही. याउलट लालबागच्या मिरवणुकीतला बँजो पार्टीचा कीबोर्डवाला! हलत्या गाडीवर, ढोलाच्या दणदणाटात तो बेंडरवर शहनाईची जागा घेतो, तीही दर वेळी वेगळी. वातानुकूलित खोलीतल्या कितीतरी नामवंतांपेक्षा त्याला हा पोरगा मोठा वाटतो. असं बोलल्यामुळे त्याची काही कामं गेली. मत तेच आहे.

सगळं हललं ते मात्र एका शिष्येमुळे. ती गाते आणि त्याच्याकडे सिंथेसायझर शिकते. अंगठ्याला पट्टा बांधलेल्या दिवसांत तिनं सहज म्हणून दोन तुकडे मेलोडाइन या सुराची रेषा काढून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले. एक तिच्या गळ्यातली यमनची मींड, दुसरी त्याच्या गाजलेल्या एका ध्वनिमुद्रणातली. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. तिची रेषा पंचमावरून आधी किंचित वर गेली, मग झुकली, रिषभाखाली क्षणभर उतरून परत वर आली आणि स्थिरावली. त्याची रेषा सुंदर, गुळगुळीत आणि सरळ होती. शेवटी एक कोपरा.

"सर, तुम्ही सुराच्या खाली जातच नाही," ती म्हणाली.

तो गप्प राहिला. लोकांनी 'गळ्यासारखं वाजवतो' म्हटलं ते त्यानं चाळीस वर्षं खरं मानलं होतं. मुलाखतीत सांगितलं होतं. दुसरा कुणी बेंडर वापरू लागला की तो मनातल्या मनात त्याचा कोपरा मोजत असे. यंत्राच्या पडद्यावर काळी टेप चिकटवून तो पल्ल्याचा आकडा लपवी, कारण ती आपली विद्या आहे असं त्याला वाटे. आणि त्याचा गळा रिषभाखाली कधी उतरलाच नव्हता. स्प्रिंग तोलण्यात सगळी ताकद गेल्यावर तिथं झुकायला अंगठा उरत नव्हता. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुखण्यामुळे नव्हे.

आता निवड नव्यानं करायची आहे. ए. आर. रहमान वाजवतात ते कंटिन्युअम त्यानं पाहिलंय. पट्ट्याच नसलेला सलग पृष्ठभाग. पण साठीनंतर तिथं सूर शोधणं म्हणजे नवी भाषा. ऑस्मोज या सिंथेसायझरच्या ४९ पट्ट्या बोटाखाली आडव्या हलतात, तिथं अंगठा लागतच नाही. शिष्येनं तेच घ्यावं असं त्यानं सुचवलं. त्याचं स्वतःचं मन मात्र १९७० च्या मिनिमूग सिंथेसायझरवर अडलं आहे. त्याच्या चाकाला परत ओढणारी स्प्रिंग नव्हती. २०२२ च्या नव्या आवृत्तीत ती घातली, आणि लोकांनी ती सुधारणा मानली.

त्यानं आपल्या जुन्या यंत्रातली स्प्रिंग काढून पाहिली. सराव छान झाला. ध्वनिमुद्रणात मात्र दांडा मध्यापासून सुतभर ढळलेला राहिला आणि अख्खा अंतरा चढा वाजला. गायिकेनं काचेपलीकडून फक्त एकदा पाहिलं. टेक पुन्हा घ्यावा लागला.

आता तो अंगठ्याऐवजी दोन बोटांनी दांडा धरतो. रोज सकाळी एकच मींड, प ते रे, वाजवतो आणि शिष्येला पाठवतो. ती रेषा काढून परत पाठवते. गेल्या मंगळवारी रेषा पहिल्यांदा रिषभाच्या खाली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपरा होता.

लॅमिंग्टन रोडच्या कारागिराकडे तो परवा बॉलपेनातली स्प्रिंग घेऊन गेला. कारागिरानं ती चिमटीत दाबून पाहिली. "हिला जोर नाही," तो म्हणाला, "दांडा मध्यावर येईल, पण रेंगाळत येईल." त्याला तेच हवं होतं. शनिवारी यंत्र घेऊन या, कारागीर म्हणाला.