अनुस्वार आणि कसर

गेले तीन महिने आम्ही दोघे एका कॅमेऱ्याच्या किमतीचा विचार करीत आहोत. आम्ही म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकविणारे दोन अध्यापक; दोघांचीही चाळिशी उलटलेली, दोघांनीही एम. ए.ला पाठचिकित्सा हा विषय परीक्षेपुरता वाचलेला, आणि पुढे मात्र तो विषय ज्यांच्यामुळे हाती आला त्या पोथ्यांच्या नादी लागलेले. छायाचित्रणाशी आमचा संबंध आजवर स्नेहसंमेलनातील सामूहिक छायाचित्रात दुसऱ्या रांगेत उभे राहण्यापुरता होता. आता मात्र विभागाच्या कपाटात अकोल्याच्या दुकानदाराचे दरपत्रक आहे, त्यात ६१ मेगापिक्सेलच्या एका व्यावसायिक यंत्राची किंमत साडेतीन लाखांच्या आसपास लिहिलेली आहे, आणि जवळून टिपणाऱ्या भिंगाचे नव्वद हजार निराळे.

माजी विद्यार्थ्यांनी विभागासाठी जमविलेली रक्कम पाच लाखांची आहे. म्हणजे हे यंत्र घेता येते. घ्यावे की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण तो वाटतो तितका हिशेबाचा नाही.

पोथ्या मेहकर तालुक्यातील एका वाड्यात आहेत. वरच्या माडीवर दोन लाकडी पेट्या, त्यांत लाल फडक्यात बांधलेल्या चाळीसेक पोथ्या. बहुतेक देवनागरीत, दोन-तीन सकळ लिपीत. पेट्यांचे मालक ऐंशीच्या घरातले. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हांला बजावले, "घेऊन जायाचं नाव काढू नका, गुरुजी. इथंच बसा, काय पाहाचं ते पाहा, काय लिहाचं ते लिहा." या बजावण्यात अविश्वास नाही, अनुभव आहे; नेलेल्या पोथ्या परत येत नाहीत हे या भागातील जुन्या घराण्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचा नातू पुण्यात असतो. दिवाळीनंतर वाडा उतरवून तेथे स्लॅबचे घर बांधायचे ठरले आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या ज्या पट्ट्यातून गेला, त्या मेहकर-सिंदखेडराजा भागात अशी किती घरे उतरली याची मोजदाद आमच्याजवळ नाही, पण उतरलेल्या माळवदांची माती आम्ही पाहिली आहे. पेट्यांचे पुढे काय, या प्रश्नावर नातू अत्यंत सौजन्याने म्हणाला, "बघू ना सर." मराठीतील या दोन शब्दांइतके धास्ती घालणारे उत्तर दुसरे नसावे.

या भागात महानुभावीय पोथ्या सापडाव्यात यात नवल नाही. लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे 'लीळाचरित्रा'त आहेत. आणि त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकरवी सिद्ध केली, ते वि. भि. कोलते याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. कोलत्यांच्या पिढीजवळ कॅमेरा नव्हता असे नाही. पण त्यांचे खरे यंत्र म्हणजे डोळा आणि बोरू. महंतांचा विश्वास संपादन करावयाचा, मठात मुक्काम करावयाचा, पोथी समोर ठेवून हाताने नक्कल करावयाची. नक्कल करणारा प्रत्येक अक्षरापाशी थांबतो. त्याला ते वाचावेच लागते. छायाचित्र घेणारा मात्र एक अक्षरही न वाचता पाचशे पृष्ठे टिपून मोकळा होऊ शकतो. आमच्यातील एकाचा या यंत्राला असलेला मूळ आक्षेप हाच आहे आणि तो पैशाचा नाही.

दुसऱ्याचे म्हणणे असे की, नक्कल ही नक्कल करणाऱ्याची असते. 'लीळाचरित्रा'चीच कथा घ्यावी. मूळ प्रत नष्ट झाली, शिष्यपरंपरेने आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि त्यातून पाठभेदांचे रान माजले. अशा वाङ्मयात एखाद्या अनुस्वाराने लिंग बदलते, वचन बदलते, क्वचित कर्ता बदलतो. मग पोथीवरचा तो ठिपका अनुस्वार आहे, शाईचा शिंतोडा आहे, माशीने मागे ठेवलेली खूण आहे की कसरीने पाडलेले भोक आहे, हे वाचकाला आपल्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे. आमच्या नकलेवर त्याने विश्वास का ठेवावा? प्रश्न रास्त आहे. आणि येथेच मेगापिक्सेलचा विचार सुरू होतो.

वाचकांनी थोडे गणित सोसावे. आमच्यासमोरच्या पोथ्या साधारण चोवीस सेंटिमीटर रुंद आणि बारा उंच आहेत. बाजूला रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवायची म्हणजे चौकटीत अठ्ठावीस सेंटिमीटर धरावे लागतात. ६१ मेगापिक्सेलच्या यंत्रात चित्राच्या रुंदीत ९५०४ बिंदू असतात. म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे ३४. पाऊण लाखाच्या आतबाहेर मिळणाऱ्या २४ मेगापिक्सेलच्या साध्या यंत्रात हीच रुंदी ६००० बिंदूंची. मिलिमीटरला सुमारे २१. छापील पुस्तकांच्या अंकीकरणात इंचाला ३०० बिंदू सर्वसाधारणपणे पुरेसे मानतात, ते मिलिमीटरला १२ भरतात. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार साध्या यंत्रात दहा बिंदूंनी टिपला जातो, महागड्यात सतरा बिंदूंनी. (भिंगाच्या मर्यादेमुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे खाली येतात.) दहा बिंदूंत ठिपका दिसतो, त्याची कडा गोल आहे की कुरतडलेली, हे सतरांत अधिक स्पष्ट दिसते. फरक आहे. तो खोटा नाही. पण एका पोथीत असे वादग्रस्त ठिपके किती? आम्ही एका पोथीची पन्नास पाने भिंगाखाली धरून पाहिली. खरोखर अडलो ते अकरा ठिकाणी.

शिवाय त्या अकरांपैकी सात ठिकाणी अडचण बारकाव्याची नव्हतीच, प्रकाशाची होती. समोरून उजेड टाकला की भोक आणि शाई दोन्ही काळी दिसतात. तोच उजेड बाजूने, पानाला जवळजवळ चिकटून टाकला की भोकाची कड सावली धरते, शाई धरीत नाही. हे कळायला साडेचार लाख लागले नाहीत, एक विजेरी लागली. पानाखाली पांढरा कागद सरकविला की भोक लगेच उजळते, ही युक्ती तर मालकांच्या सूनबाईंनी सुचविली.

आणखी एक गोष्ट आम्हांला दुकानात कोणी सांगितली नव्हती, वाड्याने सांगितली. माडीची तक्तपोशी जुनी आहे. खाली कोणी दार लोटले तरी वर कंप येतो. यंत्र जितके सूक्ष्म, तितका तो कंपही ते इमानाने टिपते. कोणा विद्यार्थ्याचा भाऊ लग्नाची छायाचित्रे काढतो. त्याने आणलेल्या महागड्या यंत्राने आम्ही वीस पाने टिपली, तेव्हा त्यांतील सहा हलली होती. तीच पाने साध्या यंत्रात टिपली असता दोनच हललेली वाटली. अर्थात हलली ती दोन्हींत सारखीच असणार. साध्या यंत्राला ते कळले नाही इतकेच. चांगल्या यंत्राबरोबर चांगली जमीनही विकत घ्यावी लागते, ती दरपत्रकात नसते.

दरपत्रकात साठवणही नसते. पूर्ण प्रतीचे, न दाबलेले एक चित्र ६१ मेगापिक्सेलमध्ये सुमारे ३६० एमबी भरते, २४ मध्ये १४४. अडीचशे पानांच्या पोथीची पाठपोट पाचशे चित्रे. चाळीस पोथ्या. प्रत्येकाच्या तीन प्रती, त्यांतील एक दुसऱ्या गावी, कारण एकाच कपाटातील तीन प्रती म्हणजे एकच प्रत. हा हिशेब महागड्या यंत्राने एकवीस टेराबाइटच्या पुढे जातो, साध्याने नऊच्या आत राहतो. या तबकड्या पाच-सात वर्षांनी बदलाव्या लागतात. त्या वेळी विभागात आम्ही असू, पैसे असतील असे नाही.

यंत्राच्या आयुष्याविषयी तर बोलूच नये. १९९९ साली व्यावसायिकांसाठी आलेला निकॉनचा डी-१ हा पावणेतीन मेगापिक्सेलचा होता. २००२ साली कॅननचा ११ मेगापिक्सेलचा वन-डी-एस आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ७,९९९ डॉलर होती आणि याहून अधिक कोणाला काय हवे, असे लोक म्हणत. आज त्याहून दुप्पट बिंदू विद्यार्थ्याच्या हातातील साध्या यंत्रात आहेत. उलट लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची छायाचित्रे हेन्री कझेन्स यांच्या १९३१ सालच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात आहेत. ती ज्या यंत्राने घेतली त्याची किंमत कोणी विचारीत नाही, चित्रे मात्र आजही वाचता येतात. यावर आमच्यातील दुसऱ्याचा युक्तिवाद असा की, कझेन्सने त्या काळचे उत्तम तेच वापरले म्हणून ती टिकली. हे आम्हांला खोडता आलेले नाही.

पण टिकण्याचे दुसरेही एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापला गेला, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. नंतर तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला तेव्हा मराठी समीक्षेला आपल्या एकोणिसाव्या शतकाचा नकाशा नव्याने काढावा लागला. नऊ आण्यांचा कागद. पाचशेपैकी एखादी प्रत कोठेतरी उरली आणि ती ओळखणारा माणूस तिच्यापर्यंत पोहोचला, एवढ्यावर ते सारे झाले. हा माणूस तयार करण्यासाठी किती खर्च येतो याचे दरपत्रक आम्हांला अजून कोणी दिलेले नाही.

आमच्या हिशेबात तो असा बसतो. दोन विद्यार्थी, महिना आठ हजार, आठ महिने: एक लाख अठ्ठावीस हजार. एक मुलगी आहे, तिने सकळ लिपीची किल्ली चार आठवड्यांत पाठ केली. घरची पाच एकर कोरडवाहू, आणि सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. भिंगासह ते यंत्र म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी क्विंटल सोयाबीन. पीक बरे आले तरी तिच्या शेताला तेवढे पिकवायला अडीच हंगाम लागतील. आम्ही हे गणित वर्गात केले नाही. तिने केले, आणि हसून सांगितले. मोठे यंत्र घेतले तर पाच लाखांतून उरणाऱ्या साठ हजारांत दिवे आणि तबकड्या कशाबशा येतील, ही मुलगी येणार नाही. ती कापूस वेचायला जाईल किंवा खामगावला एखाद्या दुकानात हिशेब लिहील, आणि पोथ्यांची उत्कृष्ट छायाचित्रे वाचणाऱ्याची वाट पाहात पडून राहतील.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली. या गोष्टींचा आनंद आहे, आणि त्यातून कधीतरी या माडीवर कोणी उत्तम यंत्र घेऊन येईलही. पण वाडा दिवाळीनंतर उतरणार आहे.

तेव्हा सध्या ठरले आहे ते असे. २४ मेगापिक्सेलचे साधे यंत्र, त्याला चांगले भिंग, खाली पाहणारा लोखंडी स्टँड (तो मेहकरच्याच वेल्डरकडून), दोन दिवे, तबकड्या. हे सर्व दोन लाखांच्या आत. दोघा विद्यार्थ्यांचे आठ महिने. सर्व पाने या यंत्राने टिपायची, टिपलेले पान त्याच दिवशी वाचायचे, आणि जेथे वाचणारा अडेल त्या पानाला चिठ्ठी लावायची. चिठ्ठी लागलेली पाने तेवढी मोठ्या यंत्राने पुन्हा घ्यायची. ते यंत्र भाड्याने मिळते, भिंगासह दिवसाला चार-पाच हजारांत. आमच्यातील ज्याला ते विकत हवे होते तो या तोडग्यावर पूर्ण खूश नाही. चिठ्ठी लागेल ती आज दिसणाऱ्या अडचणीला, उद्याच्या अभ्यासकाला कोणत्या पानावर काय विचारायचे असेल ते आज कसे कळणार, असे तो म्हणतो. खरे आहे. म्हणून निदान सकळ लिपीतील तिन्ही पोथ्या संपूर्ण मोठ्या यंत्रानेच घ्यायच्या, एवढे त्याने मान्य करून घेतले.

जिल्ह्यात अशी यंत्रे आहेत ती बहुतेक लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्यांकडे, त्यामुळे लग्नसराईत ती मिळत नाहीत. चातुर्मासात मिळतात, पण आषाढ-श्रावणात हवा ओली, पाने फुगलेली, दाबून धरली तरी सरळ राहात नाहीत. मग पितृपंधरवडा उरतो. त्या दिवसांत शुभकार्याला कोणी यंत्र नेत नाही, मालकाने भाडेही निम्मे सांगितले आहे. वाड्यातल्या आजोबांना विचारले, त्या दिवसांत पोथ्या उघडलेल्या चालतील ना? ते म्हणाले, "पोथ्या वाडवडिलांच्याच हायेत ना. त्याहीच दिवसांत उघडा." प्रतिपदेपासूनचे दहा दिवस सांगून ठेवले आहेत.