पेटीचे भाऊबंद

रिशार गालियानो या फ्रेंच अकॉर्डियनवादकाचा ‘न्यू म्युझेट’ हा अल्बम १९९१ साली निघाला. माझ्या हाती तो बऱ्याच वर्षांनी पडला. जॅझचं मला फारसं कळत नाही. पण पहिल्याच सुरांनी मी सावरून बसलो, कारण त्यात भात्याचा श्वास होता आणि त्या श्वासाच्या सोबतीनंच मी लहानाचा मोठा झालो. माझे अब्बा मिरजेजवळच्या गावात पेटी वाजवत आणि दुरुस्तही करत.

अल्बमात चौघांचा मेळ आहे. गालियानोचा अकॉर्डियन, बेल्जियमच्या फिलिप कॅथरीनची गिटार, पिएर मिशलोचा डबल बास आणि इटलीत जन्मलेल्या आल्दो रोमानोचे ड्रम्स. वॉल्ट्झच्या तीन मात्रा आपल्या कानाला दादऱ्याच्या शेजारच्या वाटतात. मग जॅझ त्यांना झुलवू लागतं, ठरलेली चाल सोडून वादक जागच्या जागी नवं रचू लागतो आणि मधूनच टँगोचा उसासा ऐकू येतो.

‘म्युझेट’ या शब्दाची कहाणी मोठी बोलकी आहे. फ्रान्सच्या ओव्हेर्न या डोंगराळ मुलखातली गरीब माणसं एकोणिसाव्या शतकात पोटासाठी पॅरिसला आली. कुणी पाणी वाहिलं, कुणी कोळसा विकला. येताना त्यांनी बकऱ्याच्या कातड्याची पिशवी लावलेलं आपलं वाद्य आणलं. त्याचंच नाव त्यांच्या नाचाच्या गुत्त्यांना पडलं. पुढं इटालियन मजूर अकॉर्डियन घेऊन आले. आधी दोघांत कुरबुरी झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रू द लाप या गल्लीत ओव्हेर्नचा बुस्काटेल आणि इटालियन घरातला पेग्युरी एकत्र वाजवू लागले. काळाच्या ओघात पिशवीचं वाद्य मागं पडलं, अकॉर्डियन राहिला, पण नाव मात्र म्युझेटच राहिलं. पुढं जिप्सी वादकही त्यात आले. जँगो राइनहार्ट पोरवयात याच मैफलींत बँजो वाजवत असे. आज जगाला ‘अस्सल पॅरिस’ वाटणारा सूर असा परगावच्या लोकांनी घडवलेला आहे.

गालियानो स्वतः इटालियन वंशाचा. जन्म १९५० चा, वडील अकॉर्डियनचे शिक्षक. त्याच्या तरुणपणी हे वाद्य जुनाट ठरलं होतं. त्याला सल्ला दिला आस्तोर पियाझोलानं. मी जसा नवा टँगो केला, तसा तू नवा म्युझेट कर, अमेरिकेची नक्कल करू नकोस, असा त्याचा आशय होता. पियाझोलाचे पूर्वजही इटलीतूनच अर्जेंटिनाला गेलेले. त्यालाही हाच धडा १९५४ साली पॅरिसमध्ये नादिया बुलांझे या गुरूकडून मिळाला होता. तो आपला टँगो लपवत होता आणि बाईंनी ओळखलं ते टँगोतच. पुढं त्यानं टँगो बदलला, तेव्हा जुन्या मंडळींनी त्याला टँगोचा मारेकरी ठरवलं. ज्या बँडोनियनवर तो वाजवी, ते वाद्य मूळचं जर्मनीचं.

हे वाचलं आणि मला अब्बांची पेटी आठवली. अकॉर्डियनचं पेटंट १८२९ साली व्हिएन्नात झालं, हार्मोनियमचं १८४२ साली पॅरिसमध्ये. आत तीच धातूची जीभ, तीच हवा. आपल्याकडं ती मांडी घालून बसायला शिकली. तिला मींड घेता येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींत बसत नाहीत, असं म्हणत ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळातही गावातलं भजन पेटीवाचून उभं राहत नसे. अब्बा उरुसात कव्वालीला बसत आणि एकादशीला भजनाला. पेटी एकच, भाता एकच.

अब्बा गेल्यावर भजनाचं बोलावणं थांबलं. भांडण झालं नाही, कुणी काही बोललं नाही. येणंजाणं नुसतं विरत गेलं. पेटी माळ्यावर गेली.

जुन्या म्युझेट अकॉर्डियनमध्ये एकाच सुरासाठी दोन जिभा असतात आणि त्या किंचित वेगळ्या मिळवलेल्या असतात. त्या अंतरामुळंच सूर थरथरतो. दोन्ही तंतोतंत जुळवल्या तर तो थरथराट जातो आणि त्याबरोबर म्युझेटचा जीवही जातो. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हे अब्बा कानस हातात घेऊन आम्हाला दाखवत. जास्त घासू नये, असंही सांगत. घासलेलं पितळ परत येत नाही.

गेल्या वर्षी पुतण्यानं पेटी माळ्यावरून उतरवली. तो पुण्यात एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर सिनेमाची गाणी वाजवतो. “चाचा, ही दुरुस्त करून घेऊ?” मी हो म्हणालो. मिरजेत नवा भाता बसवला, सूर मिळवून घेतले. आता तो अब्बांच्या चाली बसवतो आहे, कव्वालीच्या आणि अभंगांच्याही. परवा शेजारचे पाटीलमामा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “ही तर आमच्या भजनाची पेटी.” पुतण्यानं हसून त्यांच्याकडं टाळ सरकवले.