बोंडांच्या मेळ्यात

बेळगावाहून जांबोटीच्या रस्त्याने कणकुंबीकडे निघालेल्या प्रवाशास मलप्रभेच्या उगमाच्या अलीकडे, आणि उजव्या हाताच्या चंदगडच्या मुलखात तर जागोजाग, काजूची जी झाडी लागते, तिच्या बुडाशी ऐन वैशाखात पिकून गळलेल्या तांबड्या-पिवळ्या बोंडांचा केवढा खच पडलेला असतो, हे त्या बाजूने एकदा गेलेल्या कोणासही ठाऊक आहे. बी पिरगाळून घेतली की बोंडाशी मालकाचा संबंध तुटतो. वजनाने बीच्या आठ-दहा पट भरणारे आणि क जीवनसत्त्वात संत्र्यासही मागे टाकणारे ते फळ गुरांच्या वाट्यास जाते, नाहीतर जागीच आंबून मातीस मिळते. आणि हाच सह्याद्री चोर्ल्याच्या घाटाने उतरून खाली गोव्यात गेले की, पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेल्या त्याच झाडाच्या त्याच बोंडासाठी दरसाल लिलाव पुकारले जातात, अबकारी खात्यात परवान्यांची दप्तरे उघडतात आणि पिढीजात भट्ट्या पेटतात. एका डोंगराच्या दोन उतारांवर एकाच फळाच्या दैवात पडलेले हे अंतर मला पुष्कळ वर्षे अस्वस्थ करीत आले आहे.

मला नाद आहे तो शिरक्याचा. फळाचा रस आंबवावा, त्यातील साखरेचे मद्यार्कात आणि मद्यार्काचे अम्लात रूपांतर होऊ द्यावे, रसावर धरणारा तो पातळ, बुळबुळीत पापुद्रा न मोडेल अशा बेताने बरणी पाहावी, आणि यथाकाल फडक्यातून गाळलेल्या सोनेरी द्रवाचा पहिला थेंब जिभेवर ठेवावा, यासारखा निर्मळ आनंद मला दुसऱ्या कोणत्याही उद्योगाने दिलेला नाही. मद्य गाळण्याचा मार्ग आमच्याकडील हौशी माणसास मोकळा नाही; परवान्यावाचून तसे करणे हा कर्नाटकाच्या १९६५ सालच्या अबकारी कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तो कायदा मोडण्याची मला इच्छाही नाही. परंतु शिरका हा त्याच विद्येचा पुढचा मुक्काम आहे. आंबणे ही सूक्ष्म जीवांची क्रिया आहे हे सप्रमाण दाखवून देणाऱ्या लुई पास्तर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६८ साली शिरक्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्या थोर पुरुषाला ज्याचा अभ्यास करावासा वाटला ते कार्य आपल्या कोठीच्या खोलीत अहोरात्र चालू आहे, या विचाराने मला आजही हुरूप येतो.

गोव्याच्या वनविकास महामंडळाने २०२३ साली पणजीत काजू महोत्सव सुरू केला होता. २०२४च्या मे महिन्यात तो कांपालच्या मैदानावर तीन दिवस भरणार असल्याचे कळताच मी निपाणीच्या अण्णांस निरोप धाडला. अण्णांची हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली. बोदात कोपरापर्यंत हात घालून आतली ऊब जोखावी आणि नुसत्या वासावरून माल मुरला की कच्चा आहे हे सांगावे, अशी त्यांची ख्याती. आणि तंबाखूचे मुरणे काय किंवा रसाचे आंबणे काय, दोन्हींत ऊब, दमटपणा आणि सबुरी यांचाच कारभार असल्यामुळे माझ्या बरण्यांचा त्यांच्याइतका मर्मज्ञ परीक्षक मला साऱ्या सीमाभागात दुसरा लाभलेला नाही.

मेळ्याच्या मैदानावरील गर्दी, गाणी, खाद्यपदार्थ आणि विक्री यांचे वर्णन करण्यात मी वाचकाचा वेळ दवडणार नाही. आम्हांस खरे शिकावयास मिळाले ते त्यातून वेळ काढून गाठलेल्या सत्तरीतील एका भट्टीवर. झाडावरून खुडलेले बोंड तेथे चालत नाही. पिकून आपोआप गळलेलेच घ्यावयाचे, आणि तेही त्याच दिवशी. जांभ्या खडकात कोरलेल्या उथळ कुंडात, ज्यास तेथे कोळंबी म्हणतात, बोंडे ओतून दोन माणसे ती पायांनी तुडवीत होती. त्यांच्या पोटऱ्या गुडघ्यापर्यंत रसाने चकचकत होत्या आणि हवेत असा उग्र, गोड, किंचित घशात खरखरणारा वास भरला होता की अण्णा काही काळ नुसतेच डोळे मिटून उभे राहिले. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग एकत्र बांधून त्यावर दगड ठेवतात, आणि त्या भाराखाली रात्रभर थेंबथेंब ठिबकणारा जो स्वच्छ रस, तो नीरो. आधीचा रस मात्र आंबण्यासाठी भांड्यांत भरतात. त्यात खमीर म्हणून काहीही घालीत नाहीत; फळाच्या सालीवर आणि हवेत जे असेल तेच आपले काम करते, आणि सुमारे तीन दिवसांनी वर आलेला फेस बसला की रस भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मोठ्या भांड्यात, चढतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक. त्यात नीरो अगर आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी.

आंबत्या भांड्यावर अण्णा वाकले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “याला अजून एक रात्र पाहिजे.” भट्टीच्या वृद्ध मालकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग हसून, “घाय करूं नाका,” असे ते भट्टीजवळच्या पोऱ्यास म्हणाले आणि भांडे पुन्हा झाकावयास लावले. त्या क्षणी निपाणीची वखार आणि सत्तरीची भट्टी यांच्यामध्ये राज्याची सरहद्द, भाषा आणि कायदा यांपैकी काहीही उरले नव्हते.

माझ्या शिरक्याचे जे एक दुखणे होते, बोंडातील तुरटपणाचे, त्यावर उपाय मात्र मेळ्यातच सापडला. बार्देशातील एका मावशींनी बोंडाचे सरबत आणि शिरका विक्रीस मांडला होता. त्यांच्या शिरक्यात घसा धरणाऱ्या तुरटपणाचा लवलेशही नव्हता. मी कारण विचारताच त्यांनी काहीही न लपविता सांगितले: रस काढल्याबरोबर त्यात साबुदाण्याची पातळ खळ ढवळायची आणि रस निवळू द्यायचा, तुरट अंश त्या खळीला धरून तळाशी बसतो, वरचे निवळ तेवढे अलगद ओतून घ्यायचे. “गढूळ घेतले तर आंबट होईल, पण गोड आंबट होणार नाही,” हे त्यांचे वाक्य मी वहीत टिपून ठेवले. स्वतःच्या हाताने मिळवलेली विद्या अनोळखी माणसास इतक्या सहजपणे देणाऱ्या त्या बाईंविषयी मला जो आदर वाटला, तो येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

तिन्ही दिवस माझ्या मनात एकच विचार घोळत होता. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या मानाला ती सर्वथा पात्र आहे. पण त्यामागे १९६४चा गोव्याचा अबकारी कायदा, लिलाव, परवाने आणि मुख्यतः त्या बोंडाला फळ मानण्याची समाजाची सवय उभी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली काजू आणि मोह यांच्यापासूनच्या मद्यास देशी दारूच्या वर्गातून बाहेर काढले, ही चंदगडकरांस आशा देणारी गोष्ट खरी. तथापि माझ्या मते आमच्या खानापूर आणि चंदगड तालुक्यांनी भट्टीची वाट पाहत बसू नये. सरबतास आणि शिरक्यास भट्टी लागत नाही. लागतात ती स्वच्छ भांडी, सकाळच्या प्रहरी बोंडे वेचणारे हात आणि तो माल विकत घेणारा कोणीतरी.

परतताना जांबोटीच्या अलीकडे एका ओळखीच्या बागायतदाराकडे आम्ही थांबलो. हंगाम सरत आला होता, तरी झाडांखाली बोंडे होतीच. येत्या साली सकाळी गळलेली तेवढीच बोंडे, बी काढून, त्याच दिवशी दुपारच्या आत बेळगावास पोचती करशील काय, असे मी विचारले तेव्हा तो आधी माझ्याकडे आणि मग अण्णांकडे पाहू लागला. “ते कोण घेतंय ओ? पैसे देऊन?” त्याने विचारले. अण्णांनी तंबाखूच्या सौद्यात मुरलेल्या माणसाच्या संथपणाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि भाव काढावयास प्रारंभ केला.