दगडाला विरजण

मुलांनो, दगड जिवंत असतो का? शाळेत कुणी विचारलं असतं, तर मी चटकन 'नाही' म्हणालो असतो. सजीव-निर्जीवचा धडा मीच शिकवतो ना! पण दिवाळीच्या सुट्टीत माझ्या या उत्तराची चांगलीच पंचाईत झाली.

आम्ही आष्टीहून पुण्याला मावसभावाकडे गेलो होतो. त्याला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे होते. काचेची टाकी आणली होती, त्यात मिठाचं पाणीही भरलं होतं. आता राहिले होते दगड आणि मासे. माझी चौथीतली लेक काकाचं बोट धरून दुकानात गेली. तिथे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला जोकर मासा तिने पाहिला आणि मनाने घरी नेलासुद्धा!

दुकानदार म्हणाले, "हा कोरडा दगड घ्या. माणसाने बनवलेला, भोकाभोकांचा आहे. मासा मात्र दीड महिन्याने न्या. समुद्रातला जिवंत दगड असता, तर एवढं थांबावं लागलं नसतं."

"दगड जिवंत?" लेकीने डोळे मोठे केले.

मग त्यांनी समजावलं. समुद्रातले पुष्कळ दगड म्हणजे प्रवाळांचे चुन्याचे सांगाडे. त्यांच्या बारीक भोकांत जिवाणू, शेवाळ, स्पंज, किडे राहतात. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं, की पाण्यात अमोनिया होतो. तो माशांना विषच! काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. कोरड्या दगडावर हे कामकरी नसतात. ते वाढायला वेळ लागतो.

माझ्या काळजात चर्र झालं. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी दोन गोल्डफिश आणले होते. नव्या टाकीत, स्वच्छ पाण्यात लगेच सोडले. पाचव्या दिवशी दोन्ही पाण्यावर तरंगत होते. लेक विचारत होती, "बाबा, पाणी तर स्वच्छ होतं, मग का मेले?" तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं.

आता पुन्हा तसं नको, म्हणून मी म्हणालो, "मग मालवणहून दगड आणू की! ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाहिलेत मी."

दुकानदारांनी कानाला हात लावले. मालवणचा तो समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. शिवाय २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान आहे. तिथला दगड उचलणं म्हणजे कुणाचं तरी घर उचलणं. गुरुजी असून मला हे ठाऊक नव्हतं! मी खाली मान घातली.

लेकीच्या उत्साहावर विरजण पडलं. ती रडली. पण दुकानदारांनी स्वतःच्या खाऱ्या टाकीतल्या गाळणीचा स्पंजाचा तुकडा पिशवीत घातला. म्हणाले, "हे घे विरजण! यात जिवाणू आहेत. दूध एका रात्रीत लागतं, दगडाला थोडे दिवस लागतात, इतकंच."

आष्टीला परतल्यावर तिने एक वही केली. भाऊ चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचा, पाणी तपासायचा आणि फोनवर आकडे सांगायचा. आधी अमोनिया चढला आणि उतरला. मग नायट्राइट चढलं. ते काही केल्या उतरेना. "काका, आज?" "नाही गं, अजून नाही." असं किती दिवस चाललं! शेवटी अडतिसाव्या दिवशी वहीत दोन शून्यं पडली. शून्य मिळाल्यावर एवढं आनंदाने नाचणारी मुलगी मी प्रथमच पाहिली!

जोकर मासा आज त्या दगडांमध्ये मजेत फिरतो आहे. आता मला वर्गात कुणी विचारलं, 'दगड जिवंत असतो का?' तर मी सांगेन, "नसतो रे. पण त्याच्यावर जीव वस्तीला येतात. आपण तेवढा धीर धरायचा."